भट्टीचा हिवाळा

डिसेंबर लागला की पालघरच्या बाजारात वालपापडी येते. कोवळी, दवानं ओलसर, तोडल्याचा हिरवा वास अंगावर घेऊन आलेली. विकणारी बाई माझ्या ओळखीची नाही, पण ती हाक मारते, "घ्या ताई, एडवणची हाय, सकालीच तोडलीय." एडवणचं नाव घेतलं की गिऱ्हाईक थांबतं हे तिला ठाऊक आहे. मी थांबत नाही. चार पावलं पुढे जाते आणि केळव्याची पापडी घेते. पापडीत काही फरक नसतो. दोन्हीकडची माती तशीच, समुद्रावरून येणारा वाराही तोच. फरक माझ्यात पडला आहे. वर्षं जातील तसा तो बुजेल असं वाटायचं. बुजलेला नाही.

एडवण माझं माहेर. तिथे आमची वाडी आहे. केळी, नारळ, मांडवावर चढवलेली पानवेल, आणि थंडीच्या दिवसांत मधल्या मोकळ्या पट्ट्यात पापडी, वांगी, टोमॅटो. आई लवकर गेली. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील. थोरला भाऊ हरेश, त्याला आम्ही दादा म्हणतो. दादाची बायको आणि मुलगा. आणि सगळ्यांत धाकटा विनू. मी मधली. लग्न करून पालघरला आले आणि इथल्याच एका शाळेत शिकवते. दादा बोईसरला एका कारखान्यात सुपरवायझर होता. गावात पक्क्या नोकरीचं पहिलं माणूस तोच. त्यामुळे आम्ही सगळे त्याच्या नावानं ओळखले जायचो. अण्णा म्हणजे हरेशचे वडील, मी हरेशची बहीण, विनू हरेशचा भाऊ. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

विनू बोटीवर होता. आमच्याकडे बोटीवर म्हटलं की लोकांना सातपाटीची मासेमारी आठवते. विनूची बोट निराळी होती, हजारो प्रवासी घेऊन देशोदेशी फिरणारी. तिच्या स्वयंपाकघरात तो पिझ्झे करायचा. बरीच वर्षं त्यानं हे केलं आणि एका नोव्हेंबरात तो कायमचा परत आला. "बोटीवर समुद्र दिसतच नाही गं ताई," तो मला म्हणाला. "आमच्या किचनला खिडकी नव्हती. गाव लागलं की आम्हाला कळायचं ते बोट हलायची थांबली म्हणून."

पण जिथे जिथे बोट थांबली, तिथे उतरून तो पहिल्यांदा एकच गोष्ट करायचा. त्या गावातला पिझ्झा शोधायचा. बाकीचे मोबाईल आणि सेंटच्या बाटल्या घ्यायला पळायचे. हा गल्लीबोळांतून भट्टीचा धूर शोधत हिंडायचा, दाराशी उभा राहून आत काम करणाऱ्याचे हात बघायचा. परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत आमच्यासाठी विशेष काही नव्हतं. जे आणलं होतं ते त्याच्या हातात होतं.

भट्टी त्यानं आणि अण्णांनी मिळून बांधली. घराच्या मागच्या अंगाला, नारळाच्या दोन झाडांमध्ये. त्या वेळी विटा कोणी आणल्या तर दादानं. वैतरणेच्या बाजूला वीटभट्टीवर त्याच्या ओळखीचा माणूस होता. तो स्वतः टेम्पोत बसून गेला आणि विटा घेऊन आला, उतरवतानाही हात लावला. हे मी मुद्दाम लिहिते. माणूस पहिल्यापासून वाईट असता तर एवढं लागलं नसतं.

विटांचा चौथरा झाल्यावर त्यावर ओल्या वाळूचा ढीग रचला, ढिगावर भिजवलेले कागद, आणि कागदावर पेंढा घालून तुडवलेल्या मातीचा जाड थर. माती अण्णांनी तुडवली. धोतर वर खोचून, सत्तरीचा माणूस, लहान मुलासारखा चिखलात नाचत होता. माती सुकल्यावर विनूनं तोंडातून हात घालून आतली सगळी वाळू ओढून काढली आणि राहिला पोकळ घुमट. अण्णा वाकून आत बघत राहिले. "आत देव ठेवायचा का?" त्यांनी विचारलं. विनू हसत म्हणाला, "ठेवा. गरम होईल त्याला."

सुरूची लाकडं पेटली की त्या घुमटातून जो वास यायचा तो अजून माझ्या नाकात आहे. त्यात खोबरेलासारखं काहीतरी असायचं, कारण पेटवायला नारळाची सोडणं घालायचो. बाहेर थंडी, उत्तरेचा कोरडा वारा, पायांखाली दवानं थंड झालेली माती, आणि तोंडावर भट्टीची धग. दर रविवारी मी मुलीला घेऊन जायचे. सकाळची गाडी, सफाळ्याला उतरून एसटी, आणि वळणावरून दिसणारा निळसर धूर. त्या हिवाळ्याइतकं माहेर मला आधी कधी मिळालं नव्हतं.

विनूनं ठरवलं होतं, दर रविवारी वेगळ्या गावचा पिझ्झा. अण्णा सकाळी दात घासतानाच विचारायचे, "आज कोनतं गाव?" विनू सांगायचा, "आज नेपल्स." मग अण्णा गंभीरपणे मान हलवायचे, जणू त्यांना तिथली गल्ली न् गल्ली माहीत आहे. नेपल्सचा पिझ्झा मऊ. कडा फुगलेल्या, त्यांवर काळे डाग, मधे टोमॅटोचा रस इतका पातळ की तुकडा उचलला की वाकायचाच. भट्टी तापली असली की दीड मिनिटात तयार. पानवेलीत लावलेली तुळस त्यावर टाकून बघितली आणि तिचा तिखट वास सगळ्यावर चढला, तेव्हा विनूनं तिकडच्या तुळशीचं बी मागवलं. चीज त्यानं घरी केलं. म्हशीच्या दुधाचं. "तिकडेपण म्हशीच, अण्णा," तो म्हणाला, "आपल्यासारख्याच काळ्या." गरम पाण्यात हात घालून तो ते ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा. हात लालबुंद व्हायचे.

रोमचा पिझ्झा लांबट तव्यात, कात्रीनं कापून वजनावर विकतात, तसा. आम्ही शिवणाची कात्री उकळत्या पाण्यातून काढून घेतली. न्यूयॉर्कचा एकेक तुकडा तळहाताएवढा नव्हे, सुपाएवढा, मधे दुमडून चालता चालता खायचा. शिकागोचा तर पिझ्झा म्हणावा की नाही असा. खोल भांड्यात आधी चीज आणि सगळ्यांत वर टोमॅटो, सगळं उलटं. डेट्रॉइटमध्ये म्हणे पहिल्यांदा मोटारींच्या कारखान्यातल्या लोखंडी ट्रेमध्ये भाजला, म्हणून तो चौकोनी, कडेला चीज जळून कुरकुरीत झालेलं. हे ऐकून दादा खूश झाला. "म्हणजे आमच्यासारख्या कंपनीवाल्यांचा," तो म्हणाला, आणि कडेचा तुकडा त्यानं मागून घेतला. तुर्कस्तानचा होडीच्या आकाराचा. तो भट्टीतून निघाला तेव्हा दारात मासे विकायला सातपाटीची मालूबाय आली होती. टोपली खाली ठेवून ती बघतच राहिली. "आगं बाय, ही तं आमचीच होडी," ती म्हणाली. "नाखवा कुठं गेला हिचा?" तिला विनूनं तुकडा दिला. पुढल्या फेरीला ती खारवलेली मांदेली घेऊन आली, कारण विनूनं तिला सांगितलं होतं की सिसिलीत जाड, स्पंजासारख्या पिझ्झ्यावर कांदा आणि खारवलेली बारीक मासळी घालतात. "मंग तिथले लोक शाने हायत," मालूबाय म्हणाली.

अर्जेंटिनाच्या रविवारी कांदाच कांदा होता, आणि पिझ्झ्याच्या तुकड्यावर बेसनाची जाड थापी ठेवून दोन्ही एकदम खायचं होतं. अण्णांना ते इतकं आवडलं की ते म्हणाले, "हे आपलं पिठलं गेलंय तिकडं कधीतरी." पण त्यांची खरी परीक्षा स्वीडननं घेतली. तिथे पिझ्झ्यावर केळं घालतात, आणि वर करीची पूड. अण्णांचा विश्वास बसेना. आयुष्यभर केळी पिकवलेला माणूस. त्यांनी स्वतः वाडीत जाऊन घड निवडला, चकत्या स्वतः केल्या, आणि पहिला घास सावकाश चावत राहिले.

"कसा आहे?" मी विचारलं.

"वाईट हाय," अण्णा म्हणाले. "पन आपलं केळं हाय त्यात. खायला पायजे." आणि त्यांनी सगळा संपवला.

अण्णा मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्या हिवाळ्यात ते जग फिरले. हे आता लिहिताना मला जे होतं ते दुःख नाही. दुःख एव्हाना विरघळलं असतं.

आधी शेजारचे आले. मग केळव्याच्या समुद्रावर येणारे पर्यटक विचारत विचारत यायला लागले. नारळाखाली बाकं मांडली. काही लोक "चीज बर्स्ट नाही का?" म्हणून तोंड वाकडं करायचे. विनू शांतपणे सांगायचा, "आज रोम आहे. खाऊन बघा, नाही आवडला तर पैसे नका देऊ." बहुतेकांना आवडायचा. दादानंही कंपनीतली माणसं आणायला सुरुवात केली. "माझ्या भावाच्या हातचं खाऊन बघा," असं तो सगळ्यांना सांगायचा. त्या वाक्यात 'माझ्या' हा शब्द मोठा होता.

एका रविवारी त्याचे मोठे साहेब आले, बायकोमुलांसकट. दादानं नवा शर्ट घातला होता. साहेबांनी दोन तुकडे खाल्ले, उठून थेट भट्टीपाशी गेले आणि विनूचा पिठाचा हात तसाच हातात धरला. "क्या बात है! आप यहाँ क्या कर रहे हो भाई?" मग मागे न बघताच म्हणाले, "हरेश, ज़रा पानी लाना." दादा पाणी घेऊन आला. साहेब बायकोला म्हणाले, "ये इनके भाई हैं. अपनी कंपनी में ही हैं." इनके म्हणजे विनूचे. साहेबांच्या मनात काही नव्हतं. पाणी कोणीही आणतं. पण मी दादाच्या समोरच बसले होते. त्याचा चेहरा मी पाहिला. हसू होतं तसंच ठेवून आतून माणूस निघून जावा तसा तो चेहरा होता.

पुढे कळलं की कंपनीत त्याला 'पिझ्झावाले का भाई' म्हणायला लागले होते. गमतीनं, प्रेमानंही असेल. पण जो माणूस आयुष्यभर इतरांना आपलं नाव देत आला, त्याला दुसऱ्याच्या नावानं हाक आली की काय होतं हे मी तेव्हा पाहिलं. तो रविवारी बाहेर बसेनासा झाला. आतून टीव्हीचा आवाज मोठा यायचा. वहिनी धुरानं कपडे काळे होतात म्हणून कुरकुरू लागली. आणि मग एक नवंच निघालं. अण्णांना धुरानं खोकला होतो.

अण्णांना खोकला नव्हता. कधीतरी खाकरायचे, तेवढंच.

फेब्रुवारी संपत आला होता. आंब्याचा मोहर गळून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. एका शनिवारी माझ्या मुलीच्या मैत्रिणींसाठी पिझ्झे करायला विनू पालघरला आमच्याकडे आला. आमच्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनला शिव्या देत त्यानं सगळ्या मुलींना खाऊ घातलं. संध्याकाळी तो निघाला तेव्हा, दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून मीही त्याच्याबरोबर एडवणला गेले.

वळणावरून धूर दिसला नाही. यात नवल नव्हतं, शनिवारी भट्टी नसायची. घराला वळसा घालून मागे गेलो. नारळांच्या मधे मातीचा आणि विटांचा ढिगारा होता. घुमटाचा एक तुकडा अर्ध्या माठासारखा उपडा पडला होता, आतली बाजू धुरानं काळीकुळकुळीत. शेजारी पहार टेकून ठेवलेली. काम करणारे दोघे मजूर पैसे घेऊन गेले होते.

अण्णा मागच्या पायरीवर बसले होते. सकाळपासून तिथेच होते असं वहिनीनं नंतर सांगितलं.

दादा बाहेर आला. विनूकडे न बघता म्हणाला, "अण्णांच्या छातीला त्रास होत होता. मी किती दिवस सांगत होतो. शेवटी माणूस महत्त्वाचं की धंदा?"

"मला खोकला नाय, हरेश," अण्णा पायरीवरून म्हणाले.

दादा ऐकलंच नाही असं बोलत राहिला. डॉक्टर काय म्हणाले, शेजारी काय म्हणाले, सामाईक जागा कशी आहे. अण्णा पुन्हा म्हणाले, अजून हळू, "मला खोकला नाय." आपल्याच घरात, आपल्याच छातीबद्दल, एक माणूस दोनदा सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं.

मी ऐकलं. मी म्हणाले, "दादा, अण्णांच्या नावावर खोटं घालू नकोस. तुला त्याचं चांगलं झालेलं बघवलं नाही, एवढं सरळ सांग."

दादा एकदम माझ्याकडे वळला. "तू कोण सांगणारी? तुझं लग्न करून दिलंय. रविवारचं येऊन खाऊन जायचं आणि वर आम्हाला शिकवायचं? तुझं घर पालघरला आहे. तिकडचं बघ."

त्याच्या मागे वहिनी दारात उभी होती. आत स्वयंपाकघरात आईच्या वेळचा तोच पाट, तीच मांडणी दिसत होती. मी ज्या घरात रांगले त्या घरानं मला एका वाक्यात पाहुणी केलं. मी विनूकडे पाहिलं. मला वाटलं तो ओरडेल, पहार उचलेल, निदान रडेल. तो खाली बसला होता आणि ढिगाऱ्यातून न फुटलेल्या विटा वेचून एकीकडे नीट रचत होता. मी म्हणाले, "विनू, बोल काहीतरी." तो म्हणाला, "काय बोलू? विटा त्यानंच आणल्या होत्या."

या वाक्याचा मला आजही राग येतो. दादाचा येतो त्याहून जास्त, कधी कधी. चांगुलपणाला इतकं मऊ असण्याचा काय अधिकार आहे? बांधायला लागलेले हात दोघांचे होते, माती अण्णांची होती, आणि सगळं जग फिरून आलेला माणूस दोन नारळांमधली हातभर जागा राखू शकला नाही. मी भांडले म्हणून माझं माहेर तुटलं. तो भांडला नाही म्हणून त्याचंही तुटलं. मग दोघांत शहाणं कोण ठरलं?

उन्हाळा तापायच्या आत विनू पुन्हा बोटीवर गेला. बिनखिडकीच्या किचनात. त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी अण्णा गेले, झोपेत, शांतपणे. खोकल्यानं नाही. विनूची बोट तेव्हा भर समुद्रात होती, त्यामुळे त्यानं वडिलांचं तोंड माझ्या फोनवर पाहिलं, तेही मधेमधे चित्र अडकत. दिवसकार्य दादानं उत्तम केलं. लोक म्हणाले, हरेशनं बापाचं सगळं नीट केलं. मी पाहुण्यांच्या पंगतीत जेवले.

पुढे विनूनं बोट सोडली आणि तो इटलीत एका बंदराच्या गावी राहिला. दुसऱ्याच्या दुकानात भट्टीपाशी उभा असतो. तिथे त्याला 'वीनो' म्हणतात. "वीनो म्हणजे दारू," तो फोनवर हसत सांगतो, "दारू म्हणून हाक मारतात मला." लग्न केलं नाही. घरी ये म्हटलं की म्हणतो, "कोणत्या?"

गेल्या महिन्यात दादाच्या मुलाचं लग्न झालं. वहिनी स्वतः घरी येऊन पत्रिका देऊन गेली, म्हणाली, "झालं गेलं विसरा आता. तुमचा भाचा हाय." भाच्यानं काही केलं नव्हतं, म्हणून गेले. बोईसरच्या रस्त्याला मोठा हॉल. जेवणाच्या बाजूला एका टेबलावर ओळीनं वेगवेगळ्या देशांचे कागदी झेंडे लावले होते आणि वर रंगीत दिव्यांत लिहिलं होतं, 'वर्ल्ड पिझ्झा'. इटालियन, अमेरिकन, मेक्सिकन. तयार आणलेल्या रोट्या, वर गोड सॉस, मका, आणि विजेच्या यंत्रातून निघालेलं रबरासारखं चीज. झेंडा बदलत होता, पिझ्झा एकच होता. रांग मोठी होती.

दादा पाहुण्यांना घेऊन तिथेच उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. सोबतचे गृहस्थ व्याही मंडळींपैकी असावेत. दादा त्यांना सांगत होता, "माझा धाकटा भाऊ इटलीत शेफ आहे. पिझ्झ्यातला मोठा माणूस. मी त्याचा थोरला." हे सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. खोटा नव्हता तो. तेच जास्त वाईट होतं.

"अरे वा," गृहस्थ म्हणाले. "मग इथेच का नाही काढलं काही?"

"इथे कुठे चालतंय हो," दादा म्हणाला. "आपल्या लोकांना त्यातलं कळत नाही."

मी हातभर अंतरावर होते. म्हणाले, "चालत होतं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसला. "ही माझी बहीण. पालघरला असते. हिला इथलं काही माहीत नाही." आणि त्यांना घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला.

मी भाच्याला आणि सुनेला आशीर्वाद दिला, पाकीट दिलं, आणि रिक्षा करून स्टेशनवर आले.

संध्याकाळी विनूचा फोन आला. तिकडे दुपार होती, मागे भांड्यांचे आवाज येत होते.

"कसं झालं लग्न? दादा बरा आहे ना?"

"बरा आहे," मी म्हणाले.

"जेवायला काय होतं?"

मी सांगत गेले. वांगी-पापडीची भाजी, मसालेभात, वडे, सुरमई, सोलकढी, दोन प्रकारचं गोड. तो प्रत्येक पदार्थाला हं म्हणत होता, लहानपणी गोष्ट ऐकताना म्हणायचा तसा.

"आणखी?" त्यानं विचारलं.

"आणखी काही नव्हतं," मी म्हणाले.